मच्छेत झालेला माझा छळ

काय सांगू, आजवर घोटाळे पुष्कळ केलेत, पण हा सांगताना अजून कान गरम होतात. हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

बायको गेली, मुलगा पुण्याला. म्हणून निपाणीतलं घर सोडून मी बेळगावजवळच्या मच्छेत भाड्यानं राहायला आलो. निवृत्त मास्तर, आडनाव मोरे. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. आमचं म्हणजे माझं! सकाळी लावलेला भात संध्याकाळीही मीच खायचा.

दर रविवारी पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि बगलेत चेनच्या काळ्या कव्हरातलं बायबल, अशा थाटात मी चर्चला निघायचो. वाटेत जो दिसेल त्याला हसून विचारायचो, "काय, बरं आहे ना? वेळ आहे का जरा?" आठवडाभर कुणाशी बोललेलो नसायचो हो! पण मला पाहिलं की माणसं आत. समोरचा परशराम अंगणात दाढी करत होता, तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून पळाला.

मी काय समजलो? श्रद्धेपायी छळ, दुसरं काय! वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण आतून थोडा अभिमानही होताच. पास्टरांच्या कानावर घातलं, तर त्यांनी 'मच्छेतल्या सोसणाऱ्या भावासाठी' प्रार्थना सुरू केली. मग साक्ष द्यायला, म्हणजे श्रद्धेचा अनुभव सर्वांना सांगायला, मला पुढे बोलावलं. साबणाचा प्रसंग मी असा रंगवला की पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले.

दर नाताळला मी मुलाकडे जायचो. यंदा त्याला परदेशी जावं लागलं. सणाच्या दिवशी एकट्यानं जेवायचं? नको वाटलं. चर्चमधून येताना मनाचा हिय्या केला आणि परशरामचंच दार वाजवलं. त्याची बायको सुरेखा बाहेर आली.

"आक्का, एक विनंती होती," मी म्हणालो.

"सर, रागावू नका," ती हात जोडून म्हणाली. "आमच्या दोन पॉलिश्या हाईत. तिसरी झेपत न्हाय ओ."

"कसली पॉलिसी?"

"तुम्ही विम्याचं एजंट न्हवं? ऐतवारी बॅग घेऊन निघता, वेळ हाय काय इचारता. सगळी गल्ली भितीया तुम्हाला."

मी चेन उघडून बायबल दाखवलं. आज आमचा सण आहे, जेवायला या, एवढंच कसंबसं बोललो.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? देवाच्या माणसाला कोण दार लावतंय?"

पाच-सहा वर्षं मी जगासमोर साक्ष देत होतो म्हणे! आणि मी ख्रिस्ती आहे हे गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं.

दुपारी दोघं पोरांसकट आली. माझ्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी भांडलं, सांडलं, परत वाढून घेतलं. मी चोरून डोळे पुसले. निघताना परशराम दारात घुटमळला.

"सर, खरंच इमा न्हाय न्हवं?"

चर्चमध्ये अजून माझ्यासाठी प्रार्थना चालू आहे. पास्टरांना सांगायचा धीर होत नाही. काय सांगू? येशूसाठी म्हणून जे सोसलं, ते सगळं मी कधी न विकलेल्या विम्यापायी होतं?