उरलेल्या टेपवरची गाणी

“आरत्याच भरा हां, बोटकाका. पाठी ते तुमचं भूत नको.”

कॅसेटच्या दुकानाच्या पायरीवरची बाई हे म्हणाली तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. आईने भावगीतं भरून आणायला पाठवलं होतं. आतला माणूस मान खाली घालून कोऱ्या कॅसेटचा कागद सोलत होता.

“भूत नाय वहिनी, गिटार आहे ती,” तो शांतपणे म्हणाला.

“काय असेल ते. गेल्या खेपेला सासूबाईंनी घाबरून हात जोडले, ते चहा येईपर्यंत सोडले नाहीत.”

मला हसू आलं आणि ते मी दाबलं. बोटकाकांनी ते पाहिलं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

बोटकाका तरुणपणी परदेशी जाणाऱ्या बोटींवर इंजिनरूममध्ये होते. बोटीवरची नोकरी सुटल्यावर त्यांनी मांडवीच्या रस्त्याला हे अरुंद दुकान काढलं. गिऱ्हाईक सांगेल ती गाणी ते कॅसेटवर भरून देत. पण सांगितलेली गाणी संपली तरी कॅसेटच्या शेवटी थोडी टेप उरायची, आणि ती कोरी सोडणं त्यांना जमत नसे. “पानात जागा आहे आणि वाढणारा हात आखडता घेतोय, असं वाटतं,” ते म्हणत. मग त्या उरलेल्या जागेत ते स्वतःच्या आवडीचं रॉक भरत. न विचारता आणि फुकट. त्यामुळे रत्नागिरीत कितीतरी घरांत अभंगांच्या, बालगीतांच्या पाठीला गिटार चिकटलेली होती. आमच्या आळीतल्या एका सत्यनारायणाला लाउडस्पीकरवर आरत्या संपल्या आणि ढोलताशाहून मोठा ड्रम सुरू झाला. यजमानांचे दोन्ही हात प्रसादाने भरलेले, टेपरेकॉर्डर कोणाला बंद करता येईना. गुरुजी तेवढे म्हणाले, “वाजू द्या हो, ठेका बरा आहे.” काकांना त्या पूजेचं आमंत्रण नव्हतं. ही दाद मात्र त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते ती पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

बँडची नावं त्यांना सांगता येत नसत. बंदरात उतरल्यावर मिळेल ती कॅसेट त्यांनी घेतलेली, वरचे कागद खाऱ्या हवेने केव्हाच गेलेले. म्हणून अल्बम ज्या बंदरात घेतला त्या बंदराचं नाव त्याला. “आज सिंगापूर ऐक. पोरं तयारीची आहेत, पण थांबावं कुठे ते कळत नाय.” “हॅम्बुर्गमध्ये टाळ्याच जास्त. टाळ्या ऐकायला टेप कशाला झिजवायची?” दोन तबकड्यांच्या अल्बमवर त्यांचा राग होता: “एका तबकडीचा माल, एका तबकडीची फुशारकी.” आणि लांबलचक ड्रम लागले की ते सरळ टेप पुढे पळवत. “हे मी इंजिनरूममध्ये पगार घेऊन ऐकलंय.”

मी इंग्रजी शाळेतली आहे हे कळल्यावर त्यांनी मला आत स्टुलावर बसवलं आणि डोक्याला हेडफोन लावला. “सांग गो, हा काय म्हणतो? वर्षानुवर्षं ऐकतोय मी याला.” मी ऐकलं आणि हळू आवाजात सांगितलं, की तो म्हणतोय, तू गेलीस, पाऊस पडतोय आणि चहा गार झाला. काकांनी हेडफोन काढून घेतला. “एवढंच? आवाजात तर केवढं होतं.” त्यानंतर त्यांनी मला कधी शब्द विचारले नाहीत.

विचारायचे ते मत. “कसं वाटलं?” मी म्हणायची, “चांगलं आहे.” त्यावर ते चिडत. “चांगलं तर लग्नातलं जेवणपण असतं. मत सांग, मत. ज्याला मत नाय त्याने ऐकलंच नाय.” पण आमच्या घरात मुलीने एखादं मत बोलून दाखवलं की ते दुसऱ्या दिवशी मावशीपर्यंत पोचायचं आणि परत यायचं ते चेष्टा होऊन. मी ती सवय लावून घेतलीच नव्हती. मी हसायची. ते म्हणायचे, “भांड माझ्याशी एकदा. म्हणजे कळेल, गावात एक तरी माणूस ऐकतंय.”

सिनेमाबद्दलही त्यांची मतं अशीच होती. एका गणपतीत आमच्या आळीने व्हिडिओ भाड्याने आणला. पौराणिक आणि विनोदी सिनेमाच्या मध्ये काकांनी स्वतःची एक कॅसेट घुसवली. त्यात वाळवंटात एक माणूस मोडक्या ट्रकमधून पियानो नेतो, का नेतो ते शेवटपर्यंत कळत नाही. मुंबईहून आलेले चाकरमानी आधी हसले, मग विड्या ओढायला बाहेर गेले, मग कोणीतरी ओरडलं, “काका, याला एसटीने पाठवा हो पियानो!” शेवटी मंडपात काका, मी आणि एक आजी उरलो. आजींना वाटत होतं, एवढं चाललाय म्हणजे पुढे देव भेटणार. देव भेटला नाही. ट्रक थांबला आणि सिनेमा संपला. “शेवट कळला नाय ना?” काका मला म्हणाले. “मग बरोबर कळला.” त्या दिवसापर्यंत त्यांच्याइतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता, आणि ते खुशीत होते.

त्यांच्या सगळ्या मतांचं टोक म्हणजे ‘रॉटरडॅम’. त्या कॅसेटची पहिली बाजू जगात सर्वांत भारी आणि दुसरी बाजू वाया, हा त्यांचा कायमचा निकाल. “पहिल्या बाजूला सुरमई, दुसऱ्या बाजूला पेज. दमले बिचारे.” त्यांनी ती मला घरी न्यायला दिली, फक्त पहिल्या बाजूसाठी. मी दुसरी ऐकली. वडील ऑफिसात, आई ओटीवर तांदूळ निवडत बसलेली, आणि मी आवाज अगदी बारीक करून टेपला कान लावलेला. ती गाणी संथ होती, काही सिद्ध करायला निघालेली नव्हती. गाणारा थकलेला होता, हे खरं. पण थकला होता म्हणूनच तो खरं बोलत होता. पहिल्या बाजूला तो ओरडून जे सांगत होता, ते इथे पुटपुटत होता. आपल्यासारखंच कोणीतरी तिथे बसलंय असं मला वाटलं. कॅसेट परत करताना मी म्हणाले, “चांगली आहे.”

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर लोक तक्रारी घेऊन यायला लागले. भरून दिलेल्या गाण्यांचा आवाज फाटतो म्हणून. तीच आरतीवाली बाई कॅसेट परत घेऊन आली. “देवी किंचाळते हो काका. आता भूतच बरं होतं म्हणायची पाळी.” मी यंत्राकडे पाहिलं. गाणं भरताना आवाज दाखवणारी सुई लाल पट्ट्यात जाऊन टेकली होती आणि तरी ते बटण आणखी फिरवत होते. दोष ते हवेला देत. खारी हवा, टेप उतरली, यंत्राच्या हेडवर घाण बसली. स्पिरिटच्या बोळ्याने ते हेड पुसत राहायचे, पुन्हा पुन्हा.

एका दुपारी त्यांनी ‘रॉटरडॅम’ची पहिली बाजू लावली. “बघ, झांज पार पुसली गेली टेपवरून. पूर्वी इथे झांज होती, अशी कडेकडेने चालायची.” ते माझ्याकडे वळले. “तुला येते का गो ऐकू?”

झांज स्वच्छ वाजत होती. मी मान हलवली, हो म्हणून.

त्यांनी टेप थांबवली नाही. गाणं संपेपर्यंत हातातला बोळा तसाच धरून बसले. मग म्हणाले, “म्हणजे टेप चांगली आहे.”

इंजिनरूमने त्यांच्या कानांचं जे करायचं ते आधीच करून ठेवलं होतं, डॉक्टरांनी फक्त सांगितलं. बारीक आवाज आधी जातात, मग माणसांचं बोलणं. कानाला लावायचं यंत्र आणलं, पण त्यात सगळंच पत्र्यावर ओतलेल्या खडीसारखं येतं म्हणाले. शेवटी शेवटी ते स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवून बसत. “ढोल येतोय,” म्हणत. ढोल संपला की हात काढून घेत. दरम्यान बाजारात तयार कॅसेट स्वस्त झाल्या होत्या. भरून घ्यायला कोणी येईना. दुकान गेलं आणि काका दापोलीकडे, केळशीला भावाकडे जायला निघाले. पुढे एकदा त्यांची भावजय बाजारात आईला भेटली. म्हणाली, भावोजी दिवसभर ओटीवर बसून असतात, कोणाशी बोलत नाहीत, खांबाला हात लावून असतात नुसते.

ते निघाले त्या दिवशी आईने त्यांच्यासाठी आंबोशीचं लोणचं माझ्या हाती दिलं होतं. दापोलीची गाडी लागली होती, काका खिडकीत बसले होते. मी बरणी वर दिली. त्यांनी खिशातून ‘रॉटरडॅम’ काढून माझ्या हातात ठेवली.

“मला आता काय उपयोग,” ते म्हणाले. मोठ्याने, कारण त्यांना स्वतःचा आवाजही कळत नव्हता. “पहिली बाजूच ऐक. दुसरीला काय नाय.”

“काका, तसं नाही,” मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला. “काय गो?”

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. गाडीचे पत्रे थरथरायला लागले. शेजारच्या फलाटावर आमच्या शाळेतल्या दोन बाई उभ्या होत्या, पलीकडे वडिलांच्या ऑफिसातले एक गृहस्थ पेपर वाचत होते. कंडक्टरने दोनदा घंटा मारली. काका कानामागे हात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी गाडीबरोबर चालायला लागले आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडले, “तुमचं चुकतंय, काका! दुसरी बाजूच जास्त चांगली आहे!”