मे महिन्यात लिहिलेली कणसरी

ग्रीकांना अक्षरं फिनिशियन व्यापाऱ्यांकडून मिळाली, हे मी नाशिकच्या एका शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. गलबतातून माल उतरला आणि मालाबरोबर लिपीही उतरली, असं सांगताना मला भारी चेव यायचा. लिहिता येऊ लागलं आणि सगळं टिकलं, हे माझं ठरलेलं वाक्य. आधी जे तोंडी होतं त्यातलं काय बुडालं, हे एकाही पोराने विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर एक म्हातारे बाबा धान्यदेवी कणसरीची कथा गात. त्यांच्या बोलीला स्वतःची लिपी नव्हती. ती कथा आपणच लिहून काढायची, हे माझ्या डोक्यात बसलं. शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून मी मेमध्येच गेलो. चार दिवस त्यांच्या ओट्यावर बसून वही भरली. कणसरी रुसून डोंगरापलीकडे निघून जाते, तिथे ते थांबले.

"पुढं?"

"आता हंगाम नाय, गुरुजी. बाकीची खळ्यावर."

खळ्यावर नवं धान्य आल्याशिवाय पुरी कथा गायची नाही, अशी तिथली रीत. मला वाटलं, रीत हे निमित्त, म्हातारा दमला; उरलं असेल थोडं गोडगोड. वहीत होती तेवढीच कथा पुस्तिका करून छापली आणि पाड्यावरच्या शाळेत वाटली.

मळणीला मुद्दाम गेलो. खळ्याभोवती मुलं माझी पुस्तिका उघडून, ओळीवर बोट ठेवून बसलेली. काय फुगलो होतो मी! बाबा गात गात कणसरीच्या रुसव्यापुढे गेले तशी बोटं थांबली. एक मुलगी म्हणाली, "बाबा, पुस्तकात हे नाय. चुकलात तुमी." सगळे हसले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक अर्धं आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण चारचौघांत चूक कोण कबूल करणार? मी मान खाली घालून पानं चाळत राहिलो. त्यांनी गाणं तिथेच सोडलं. पुढे कुणी आग्रह केला की म्हणत, "पुस्तक हाय ना. वाचा." मी वही घेऊन दोनदा गेलो. त्यांनी चहा दिला, भातपिकाचं बोलले, कथेचं नाव काढलं नाही. मग ते वारले.

आता मळणीला माझं पुस्तक वाचतात. गेल्या वर्षी वाचन संपल्यावर बाबांची सून जवळ आली. "कणसरी परत येते, आमाला ठावं हाय, गुरुजी. पण बाबांचे शब्द कुणालाच येत नाय. पोरं म्हणतात, ती गेली ती गेलीच. तुमीच लिहा ना शेवट. तुमी लिहिलं की पोरं मानतील."

घरी येऊन वही उघडली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. एक ओळही लिहिता आली नाही. त्या खळ्यावर कणसरी अजून दर वर्षी निघून जाते आणि पुस्तक मिटतं.