मागच्या काचेखालचे स्पीकर

गाडीत गाणं लागतं ते पुढे बसलेल्याच्या मर्जीनं आणि आदळतं ते मागे बसलेल्यांच्या कानावर. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे मला कळलं. मी नर्स. तेव्हा उपकेंद्रावर जायला धाराशिवहून तेरच्या बाजूला रोज जीपनं ये-जा करायचे. पुढे ड्रायव्हरजवळ पुरुष, मागच्या आडव्या बाकांवर आम्ही बायका, आणि बाकाखाली लाकडी खोक्यात बसवलेले स्पीकर. कॅसेट जुनी झाली की आवाज घोगरा यायचा. ड्रायव्हरला वाटायचं आवाज कमी झाला, म्हणून तो आणखी वाढवायचा. आमच्या पोटऱ्या थरथरायच्या. भाजीची पाटी घेऊन येणारी एक म्हातारी रोज ओरडायची, "आरं ए, वरात हाय का ही? नवरदेव कुठाय?"

"तुमीच नवरी की मावशे, बसा गुमान!"

सगळी जीप हसायची. आवाज तेवढाच राहायचा.

पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. पेनड्राइव्ह आला, आता फोन गाडीला आपोआप जोडला जातो. एसटीत ज्याच्या त्याच्या कानात काहीतरी खोचलेलं असतं, नसेल तर मोबाइल उघडाच वाजतो. मोटारसायकलवाला शर्टाच्या खिशात फोन वाजवत जातो आणि रस्त्याकडेच्या माणसाच्या वाट्याला गाण्याचा एखादा शब्द येतो. उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. माझी यावर तक्रार नाही. एकट्या माणसाला तासन् तास स्टिअरिंग धरायचं असतं, डोळा लागू नये म्हणून तो वाजवतो. बंद गाडीत मागे बसायची वेळ येते तेव्हाची गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरत होतं. ती धाराशिवला औषधाच्या दुकानात काम करते. मुलगा ईटचा, शेती आणि दुधाचा धंदा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं, फोनवर बोलणं झालेलं, तिला तो बरा वाटलेला. राहिलं होतं आम्ही घर बघून येणं. निघताना भाचीनं मला बाजूला घेतलं. "आत्या, घर अन् गोठा पप्पा बघतील. तू माणसं बघ. तू न्हाय म्हणलीस तर मी न्हाय म्हणणार."

भावाला मात्र होकारच हवा होता. ईटला उतरल्यापासून तो मुलाला "जावईबापू" म्हणत होता. मी दोनदा कोपर मारलं, उपयोग झाला नाही.

घर चांगलं होतं. चहा झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, जेवण होईस्तोवर येरमाळ्याला देवीचं दर्शन करून या. ते घरी थांबले. मुलगा गाडी चालवायला, शेजारी मानाचा पाहुणा म्हणून माझा भाऊ, मागे मुलाची आई आणि मी. गाडी नवीकोरी. मागच्या काचेखाली, बरोबर आमच्या डोक्यामागे, दोन मोठे स्पीकर आणि डिकीत एक बॉक्स, मुद्दाम बसवून घेतलेला.

गाव सुटलं आणि गाणं सुरू झालं. देवीचंच होतं, पण माझ्या दाढा हलल्या.

"बाळा, जरा हळू कर," त्याची आई म्हणाली.

पुढे भाऊ विचारत होता, "आवाज लई क्लिअर हाय, जावईबापू. वेगळा बसवलाय का?"

"व्हय मामा. कंपनीच्या स्पीकरला दम नसतो."

"बाळा, हळू कर की रं."

"आजून वाढवू का मामा?"

त्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. देवीसाठी घेतलेल्या पिशवीतून कापसाची एक वात काढली, मधून तोडली, दोन्ही कानांत घातली आणि पदर डोक्यावरून घेतला. मग दुसरी वात माझ्यापुढे धरली. "घ्या ताई. गाडी घेतल्यापून मी असंच करते. सवय झालीया."

मी वात घेतली नाही. पुढे वाकून मुलाच्या खांद्यावर थाप मारली आणि आवाज कमी करायला सांगितलं. त्यानं लगेच केला. "सॉरी आत्या, आधी सांगायचं की!" खरंच ओशाळला होता. येरमाळ्यापर्यंत गाणं जेमतेम ऐकू येईल इतकंच ठेवलं.

परत आल्यावर मी भाचीला जसं घडलं तसं सांगितलं. भाऊ चिडला. "अक्का, एवढ्यावरनं स्थळ मोडायचं का? तू सांगितल्याबरुबर त्यानं कमी केला ना?"

"मोडा म्हणत नाही. झालं ते सांगतेय."

भाचीनं थोडा विचार केला. "आत्या पाहुणी व्हती, म्हणून तिचं ऐकलं. आई घरची, तिचं न्हाय ऐकलं. लग्न झाल्यावर मी कुठं पाहुणी राहणार हाय?"

भाचीनं त्याच रात्री मुलाला फोन केला आणि आईला घेऊन धाराशिवला या म्हणून सांगितलं. ते पुढच्या रविवारी आले. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "चला, तुमच्या गाडीतनं चक्कर मारू. पप्पा चालवतील. तुमी अन् आई मागं बसा." स्वतः पुढे बसली. मी त्या दोघांच्या शेजारी.

मुलानं हसत विचारलं, "मी मागं कशाला?"

"बसून तर बघा."

गावाबाहेर तिनं गाणं लावलं आणि आवाज येरमाळ्याच्या दिवशीइतका वाढवला. पहिल्यांदा तो हसला. मग मान पुढे घेऊन बसला. पुलापर्यंत त्यानं कसाबसा दम काढला, मग ओरडला, "मामा, कमी करा की!" भाऊ रस्ता बघत होता, त्याला ऐकू गेलं नाही. मुलानं पुन्हा हाक मारली. तेव्हा भाचीनंच गाणं बंद केलं.

मुलगा आईकडे बघून म्हणाला, "आई, एवढं लागतंय मागं, कधी बोलली न्हाईस?"

"बोलले व्हते." बाईंचा आवाज साधा होता. "लई येळा."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, भाची आरशातून बघत होती. कधी म्हणालीस, असं तो म्हणू शकला असता. आमच्यासमोर हसण्यावारी नेऊ शकला असता, बहुतेक माणसं तेच करतात. तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय. बोलली व्हतीस."

घरी पोचल्यावर भाची माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. कांदा चिरायला घेतला.

"आईला खोटं पाडलं न्हाय त्यांनी," ती म्हणाली.

"नाही पाडलं."

"मग सांग पप्पांना, व्हय म्हणा म्हणून."

"तूच सांग," मी म्हटलं आणि पोळ्यांचा तवा चढवला.