कापसात बुडालेला तास

आज घरात नवा कापूस आला, त्याचा उन्हातला सरकीचा वास नाकात शिरला अन् मले माझा पहिला ऑनलाइन तासच आठवला! कॉलेजच्या पोरांले लेखन शिकवाची नोकरी भेटते का नाई, ते त्या तासावरच होतं, अन् कॉलेजचे मोठे सर तिकडून ऑनलाइन ऐकत बसले होते. बेला गावातल्या आमच्या घरात रेंज फक्त छताजवळच्या फळीवर, म्हणून लॅपटॉप फळीवर ठेवला अन् मी कापसाच्या ढिगावर चढून बसली. "समोर जे दिसते त्यावर पाच ओळी लिहा," म्हटलं, तं सगळे कॅमेरे बंद. मी जोर लावून शिकवून राह्यली अन् खाली कापूस दबून राह्यला. एकदम एक पोरगी ओरडली, "मॅडम, तुमी बुडून राह्यल्या!" पायलं तं स्क्रीनवर माझं निस्तं कपाळ! तेवढ्यात दारातून बाबा, "काऊन वं पोरी, कापूस इकाले ठेवला का लोळाले?" फटाफट सगळे कॅमेरे चालू, पोरं हसून बेजार. वाटलं, गेली नोकरी! पण पाच ओळी मागितल्या तं पोरांनी पानंच्या पानं पाठवली, सगळी माझ्या बुडण्यावर! सर म्हणाले, "सोमवारपासून या, ढिगासकट." आता घरात टेबल, खुर्ची, रेंज सगळं आहे, तरी आज नव्या वर्गाचा पहिला तास मी ढिगावर चढूनच घेतला.