वाढीव साठ घोडे

जुन्या रॅली गाडीच्या इंजिनावर मी किती पैसे उडवले, हे चंद्रपुरात सगळ्यांना माझ्यापेक्षा नक्की ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत, किराणा दुकानात, कुठेही कुणी ना कुणी आकडा सांगतंच, आणि दर वेळी तो वाढलेला असतो. "एवढ्यात फ्लॅट आला असता," म्हणणाऱ्याला मी हल्ली विचारते, "फ्लॅट चढावर पळतो का?" मग तो माणूस वरणभाताकडे वळतो.

गाडी बाबांची. तीस वर्षांची जिप्सी. तरुणपणी ते तिच्यातून रॅल्या पळाले, मग ती आमच्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये उभी राहिली. बाबा गेल्यावर गॅरेज मी चालवू लागले आणि गाडीही मीच बाहेर काढली. बाबांच्या वेळी तिचं इंजिन ऐंशी घोड्यांच्या ताकदीचं. मला एकशे चाळीस हवे होते. का, तर मी तिच्यातून एकदा रॅली पळाले होते आणि पहिल्याच घाटात सगळ्यांनी मला मागे टाकलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

आमच्या इंजिनांचं बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मापात आणायचं काम, एक चाचा करतात. बाबांचे जुने दोस्त, हात सोन्याचा, जीभ तिखट. त्यांनी माझी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"बेटा, घोडे मांगणं सोपं आहे. त्यायले तबेला लागते."

तबेला म्हणजे असा. ताकद वाढवायची तर पिस्टन मजबूत हवेत, ते परदेशातून येणार, कर भरून. पिस्टन बदलले की रॉड टिकत नाहीत. रॉड बदलले की क्रँक तोलून घ्यायला कोइमतूरला पाठवा. एवढं झालं की क्लच घसरतो, आणि क्लच बदलला की गिअरचे दाते तुटतात. पहिले वीस घोडे तसे स्वस्तात आले. शेवटच्या वीस घोड्यांनी मला अक्षरशः धुऊन काढलं, आणि तरी एकही घोडा कमी करायला मी तयार नव्हते.

पैसे आईचे होते. माझ्या लग्नासाठी तिनं ठेवलेले. मी चाळिशीला टेकले तरी ठेवलेलेच. मी सरळ मागितले. तिसऱ्या दिवशी आई बँकेत आली, सही केली आणि म्हणाली, "एकदाच देऊन राह्यली. उडालं तर मले पुन्हा मागू नको."

पैसे संपले तेव्हा तापमानाचा काटा तेवढा जुना राहिला होता. बोटानं टिचकी मारली की जागा होणारा. काट्यानं काय घोडे वाढतात, म्हणून मी तो तसाच ठेवला.

फेब्रुवारीत इंजिन तपासायला मी गाडी गडचिरोलीकडे, कुरखेड्याच्या रस्त्याला नेली. त्या दिवसांत तिकडे डांबरावर लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, वाळलेलं पीक पसरलेलं असतं. गाड्यांनी त्यावरून जायचं, चाकाखाली दाणे सुटतात. पीक चुकवून बाजूनं जाणाऱ्याला लोक शिष्ट समजतात. एका वळणावर एक म्हातारी काठी घेऊन उभी होती. सकाळपासून तिच्या पिकावरून दोनच मोटारसायकली गेल्या होत्या.

"व बाई, तुही गाडी जाड चाकाची आहे. दोन फेऱ्या मारून दे न."

दोन कशाला, मी आठ मारल्या. पुढे, मागे, पुन्हा पुढे. एकशे चाळीस घोड्यांनी म्हातारीची लाखोळी मळली. खरं सांगते, मला फार छान वाटत होतं. मग तिला हात करून मी समोरच्या सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण दाबली. रेडिएटरची जाळी भुशानं ठासून भरली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काटा मध्यावर शांत झोपलेला. बॉनेटमधून वाफ निघाली तोवर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं होतं आणि दोन पिस्टन सिलिंडरला चिकटले होते.

शहरातल्या एका रॅलीवाल्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. "रॅलीच्या गाडीनं मळणी?" हो, मळणी. पुन्हा कुणी म्हातारी उभी दिसली तर पुन्हा करीन. फक्त नंतर उतरून जाळी झाडीन.

आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती ताटावरून उठली. मला रडू आलं, इंजिनासाठी नव्हे, तिच्या त्या सहीसाठी.

त्याच रॅलीवाल्यानं मग गाडीला बरी किंमत देऊ केली. आईचे बरेचसे पैसे परत आले असते. ती विक म्हणाली नाही, नको विकू असंही म्हणाली नाही, आणि तेच जड गेलं. मी नाही म्हणाले. पैसे आले असते, पण बाबांची गाडी दुसऱ्याच्या दारात, आणि माझी चूक माझ्या दारात. असला सौदा मला मान्य नव्हता.

चाचांना म्हटलं, पैसे नाहीत, हात आहेत. दीड वर्ष दर रविवारी मी त्यांच्या मशीनवर उभी राहिले. मजुरीच्या बदल्यात हेड, बोअरिंग, पिस्टन. "तुह्या बापाले अक्कल होती, ऐंशीवर थांबला," असं म्हणत चाचा माझं प्रत्येक माप पुन्हा तपासत. नवा काटा मात्र मी सगळ्यात आधी घेतला.

गेल्या महिन्यात इंजिन सुरू झालं. आईला मी बोलावलं नव्हतं. ती आपणच शेडमध्ये आली, पदर खोचला आणि शेजारच्या सीटवर चढून बसली. मी तिचा पट्टा बांधला आणि गाडी मूल गावाच्या रस्त्याला लावली. डोळा काट्यावर, पाय हलका. आता मोडलं तर तिला तोंड दाखवायची सोय नव्हती. आधी एक ट्रक आमच्या पुढे गेला, मग एक एसटी. आईनं दोघांना जाताना नीट बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"हळू काऊन चालवून राह्यली? एवढा पैसा काय हळू जायले टाकला?"