नाटकातल्या लग्नाचा आहेर

माझं पहिलं लग्न दहिवलीच्या खळ्यावर लागलं, आणि त्यात मी नवरी होतो. नाटकातली हो! पंचविशीतला धिप्पाड गडी, मिशी उतरवून शालूत बसलेला. नाटकाला तिकीट नव्हतं. पण अंतरपाट दूर झाला आणि प्रेक्षकच आहेर घेऊन रंगमंचावर चढले. आमच्याकडे आहेर पुकारायची रीत. नवरीचा बाप झालेला शेतकरी गरजू लागला, "पळसदरीच्या मामांचा सव्वा रुपया!" खाली बसलेल्या करमणूक कराच्या अधिकाऱ्याने सगळे आहेर निवांत टिपून घेतले.

त्याच्या मते हा आहेर म्हणजे चोरून लावलेलं तिकीट. कर्जतच्या कोर्टाला ते पटलं. कर चुकवल्याबद्दल दंड झाला नाटक बसवणाऱ्या आमच्या मास्तरांना. दंड आम्ही वर्गणी काढून भरलाही असता. पण शिक्षा कायम राहिली तर त्यांची शाळेतली नोकरी जाणार होती.

अपिलासाठी अलिबागला निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की आम्ही उतरून ढकलायची.

"मास्तर, तुमी घाबरू नका," नवरीचा बाप म्हणाला. "मी हाय ना! जज्जसायबांना मीच सांगतो."

"तू तोंड उघडू नकोस रं बाबा! तुझ्या तोंडामुळंच इथवर आलोय."

आमच्या खालापूरच्या वकिलांनी अपिलात फक्त खालच्या कोर्टातली अधिकाऱ्याची उलटतपासणी वाचून दाखवली. नाटक शेवटपर्यंत पाहिलंत? हो. तुमचा आहेर पुकारला? नाही, मी दिलाच नाही. कुणी उठवलं? नाही. उलट लाडू दिला.

"साहेब," वकील म्हणाले, "काही न देणाऱ्यालाही बसू देतात, वर लाडू देतात. हे कसलं तिकीट?"

न्यायाधीशांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. "खाल्लात?"

"दोन, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. मास्तर तेवढे हसले नाहीत. शिक्षा रद्द झाल्याचं ऐकल्यावर मात्र ते मटकन बाकावर बसले आणि मग एकटेच हसत राहिले.

पायऱ्यांवर अधिकाऱ्याने मला गाठलं, हातावर रुपया ठेवला. "नवरीचा आहेर राहिला होता."

नवरीच्या बापाने छाती भरून श्वास घेतला. मास्तरांनी झेप घालून त्याचं तोंड दाबलं.

"गप रं! सोमवारी मला शाळेत जायचंय."