नाटकातली ख्रिस्ती बाई

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे वडील जळगाव जामोदला मिशनच्या शाळेत मास्तर होते. पुढं शिकायचं म्हणून त्यांनी मला बुलढाण्याला मावशीकडे ठेवलं. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलेलं नव्हतं, बोलणं कमी, काम चोख. दवाखान्याच्या आवारातल्या तिच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो.

कॉलेजात आम्ही मुली थोड्याच. माझी मैत्रीण कचेरीतल्या एका कारकुनाची मुलगी होती, फार जीव लावणारी. पण तिलाही वाटायचं की मी घरी गेल्यावर कुणी वेगळीच होत असणार. "तुमच्याकडे सगळं चालतं, तुझी मजा आहे," असं ती म्हणायची. सिनेमातली ख्रिस्ती मुलगी तिनं पाहिली होती. आखूड झगा, हातात सिगारेट, क्लबातला नाच. आमच्याकडे तर सिनेमा पाहणं हेच पाप. संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन मावशीबरोबर बायबलातला नवा करार वाचायचा, प्रार्थना करायची आणि झोपायचं. मैत्रिणीच्या बोलण्याचा मला राग यायचा. आणि पानठेल्यावरच्या रेडिओवर एखादं गाणं लागलं की माझी चाल आपोआप मंद व्हायची. तेव्हा वाटायचं, ती सिनेमातली मुलगी निदान दोन दिवस तरी होऊन पाहावं. हे दोन्ही एकाच मनात कसं राहतं, ते मला कळत नव्हतं. विचारायचं कुणाला, तेही कळत नव्हतं.

त्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात मुलींना काम करायची परवानगी मिळाली. तोवर मुलगेच लुगडी नेसून उभे राहायचे. नाटक लिहिलं होतं गॅदरिंगच्या सेक्रेटरीनं. तो वडनेर भोलजीच्या एका मोठ्या शेतीवाल्या घरचा मुलगा, हुशार आणि बोलण्यात मोकळा. एक दिवस लायब्ररीच्या व्हरांड्यात तो माझ्याकडे आला. नाटकातलं एक काम कुणी मुलगी घेत नाही, म्हणाला. हॉटेलात नाचणारी बाई, दारू पिते, नायकाला नादी लावते, शेवटी मरते. गळ्यात क्रूस.

"बाकीच्यायच्या घरचे नाही म्हणतात," तो म्हणाला. "तुमच्यात चालते ना हे?"

त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं. विचार करून सांगते, एवढंच मी बोलले, कारण काम मोठं होतं आणि मला स्टेजवर उभं राहायचं होतं.

ते दिवस फार वाईट गेले. वर्गात लक्ष लागेना. गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचे आणि उठल्यावर आधीपेक्षा जास्त बेचैन व्हायचे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर नाटक हे प्रभूच्या लेकरांचं काम नव्हे, म्हणाले. काम कोणतं आहे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, "तुले करावं वाटते का?" मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

शेवटी मी त्या मुलाला गाठलं आणि विचारलं, आमच्यातली एखादी बाई तुम्ही जवळून पाहिली आहे का. सिनेमात पाहिली, तो म्हणाला. मग रविवारी आमच्या उपासनेला या, पाहा, आणि नंतर मला काम सांगा, असं मी म्हटलं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आला. चर्चच्या दाराबाहेर चपला काढून सतरंजीवर मागं बसला. उपासनेला जमणारी आमची मंडळी लहानच होती. दवाखान्यातल्या नर्सा, एक-दोन मास्तर, झाडलोट करणारी दोन कुटुंबं, खेड्यातून पायी आलेल्या काही बाया. पेटी आणि तबल्यावर भजनं झाली. मग एक म्हातारी प्रार्थनेला उठली. नातवाचा ताप उतरू दे, लेकाची दारू सुटू दे, असं ती देवाशी घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होती. मी डोळे मिटायला हवे होते, पण मी त्याच्याकडे पाहत होते. त्यानं मान खाली घातली होती.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले, येशूच्या शुभवर्तमानाचं लहान पुस्तक दिलं आणि पुन्हा कधी येणार म्हणून विचारलं. मला तिथं उभं राहवेना. त्यानं मात्र पुस्तक नीट खिशात ठेवलं. फाटकापाशी मला म्हणाला, "तुमची प्रार्थना तं आपल्याच बोलीत हाय."

"मंग कोन्त्या बोलीत असंन वाटलं?" मी विचारलं. तो ओशाळून हसला.

त्या आठवड्यात त्यानं ती बाई बदलली. गळ्यातला क्रूस राहिला, पण आता ती खेड्यातली शिक्षिका झाली. मी काम घेतलं आणि तालमी सुरू झाल्या. मी पाठ केलेली वाक्यं मावशीला म्हणून दाखवायचे आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची.

मग त्याच्या गावच्या कुणीतरी घरी सांगितलं की पोरगा मिशनमध्ये जायला लागला. पुढच्याच बाजारच्या दिवशी त्याचे वडील एस.टी.नं बुलढाण्याला आले आणि मुलाला घेऊन थेट आमच्या क्वार्टरवर. उंच माणूस, डोक्याला पांढरा पटका. बाजेवर बसले, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"सिस्टरबाई, माह्या पोराले बाटवून राह्यले का तुमी?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "भाऊ, पोरगी समोर हाय. तिलेच इचारा."

 मी सगळं सांगितलं. त्यांच्या मुलानं नाटकात आमच्यातली बाई कशी लिहिली होती आणि म्हणून मी त्याला उपासनेला कसं बोलावलं. दारू, नाच, क्रूस, काही लपवलं नाही. ते मुलाकडे वळले.

"असं लिहिलं तू? पोरीच्या जातीले हे काम देत होता?"

मुलगा खाली पाहत राहिला. आता बदललं आहे, असं काहीतरी पुटपुटला.  त्याचे वडील उठले, मावशीला हात जोडले आणि म्हणाले, "चूक तुमची नाही. पन नाटक बंद. अन् इथं येनं बंद."

नाटक खरंच बंद झालं. त्याऐवजी मुलांनी एक फार्स केला, पुन्हा लुगडी नेसून. वर्गातली मुलं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची की एकीच्या धर्मापायी सगळ्यांचं नाटक गेलं. इकडे मंडळीत पाळकसाहेब दुखावले गेले. एक तरुण प्रभूच्या ओढीनं आला असं त्यांना वाटलं होतं आणि मी त्याला नाटकासाठी आणलं होतं. दोन्हीकडे मीच चुकले होते. काही रविवार मी डोकं दुखतं म्हणून घरीच राहिले. मावशीनं एकदाही जबरदस्ती केली नाही. ती एकटी जायची, एकटी यायची, आणि आज कोणतं वचन वाचलं एवढंच सांगायची. मग एका रविवारी मीच साडी बदलली आणि तिच्याबरोबर निघाले. काही उत्तर सापडलं होतं म्हणून नव्हे. आठवडाभर मला कुठंच स्वस्थ बसवलं नव्हतं, आणि तिथं प्रार्थनेत निदान ते कुणाला तरी सांगता येत होतं.

पुढच्या वर्षी सेक्रेटरी दुसरा होता. त्यानं मला एका शेतकऱ्याच्या बायकोचं काम दिलं आणि मी हो म्हटलं. या वेळी कुणालाच विचारलं नाही. वडिलांना पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं त्यात घरची खुशाली होती, नाटकाबद्दल अक्षर नव्हतं.

नाटकाच्या संध्याकाळी मैत्रीण मला तयार करत होती. हिरवं लुगडं नेसवलं, हातात बांगड्या भरल्या आणि कुंकवाची डबी घेऊन ती थांबली.

"हे चालेल ना तुला?" तिनं हळूच विचारलं. पहिल्यांदाच ती मला असं काही विचारत होती.

आमच्यात कुंकू लावत नाहीत, लहानपणापासून माझं कपाळ मोकळं होतं. मी थोडा वेळ आरशात पाहिलं. "लाव," मी म्हटलं. "बाई शेतकऱ्याची हाय. पन मी मीच हाय."

काम बरं झालं. माझ्या वऱ्हाडी बोलण्यावर काही मुलं हसली, मग ऐकायला लागली. घरी आल्यावर खोबरेल तेल लावून मी कपाळ पुसलं, पण रंग कसला होता कोण जाणे, डाग राहिलाच. दुसऱ्या दिवशी रविवार. मावशी म्हणाली, पदर जरा पुढं घे. मी घेतला, आणि चालता चालता पुन्हा मागं सारला. बायांमध्ये पुढच्या ओळीत जागा होती, तिथं जाऊन बसले. पाळकसाहेबांची नजर माझ्या कपाळावर थांबली, तशी बाकीच्यांचीही. मला उठून जावंसं वाटलं. पेटीवर सूर लागला आणि मी सगळ्यांच्या आधीच गायला सुरुवात केली.